जुन्या वाड्याला सिमेंट नको, चुनाच पाहिजे

परवा पुण्याहून जुन्नरला गेलो होतो, शिवनेरी किल्ला उतरल्यावर गावात एका जुन्या वाड्यापाशी थांबलो. विटांच्या सांध्यात कुणीतरी मागे सिमेंट भरलंय, आणि आता सिमेंटच्या रेघा तेवढ्या पुढे आल्यात, मधल्या विटा बोटभर आत झिजल्यात, भिंतीची अक्षरशः जाळी झालीये. नख लावलं तर लाल पूड हातात आली, वर बुरशीसारखा पांढरा थर होता. ती बुरशी नाही, क्षार आहेत.

होतं असं की जुनी भिंत जमिनीतलं आणि पावसाचं पाणी ओढतेच. चुन्याचे सांधे सच्छिद्र असतात म्हणून ते पाणी ऊन पडलं की सांध्यातूनच उडून जातं. सिमेंट घट्ट, तिथून वाट नाही, मग पाणी विटेतून बाहेर पडतं आणि जाताना विरघळलेले क्षार विटेतच सोडतं, त्यांचे स्फटिक वाढतात आणि विटेचे पापुद्रे ढकलून पाडतात. त्यात सिमेंट स्वतःचेही क्षार घेऊन येतं!

चुन्याचं मात्र मला खरंच कौतुक वाटतं. चुनखडी साधारण 900 अंशांना भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो, तो पाण्यात विरवायचा, वाळू घालून चुना दळायच्या दगडी घाणीत मळायचा, मग भिंतीत गेला की हवेतला कार्बन डायऑक्साइड परत शोषत हळूहळू पुन्हा दगड होतो. केसाएवढी भेग पडली तर पाण्यात थोडा चुना विरघळून त्या भेगेत बसतो आणि ती बुजते. गूळ घालायचे तेही उगाच नाही, साखरेच्या पाण्यात चुना जास्त विरघळतो.

2025 च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे 12 किल्ले गेले, त्यात आपल्या पुणे जिल्ह्यातले शिवनेरी, लोहगड, राजगड आहेत, छानच झालं. पण उत्तरेकडच्या जुन्नर-आंबेगावच्या गावांतल्या वेशी, बारवा, वाडे यांच्याकडे कोण बघणार? चुन्याचं काम गोणपाट ओलं ठेवून दिवसेंदिवस जपावं लागतं, ठेकेदाराला पावसाळ्याआधी बिल हवं असतं, म्हणून सिमेंट.

मला वाटतं शिवनेरीच्या पायथ्याशी एक चुन्याची घाणी फिरती ठेवावी, सहलीच्या पोरांना चुना हातात घेऊन बघू द्यावा. आणि तुमच्या गावातल्या देवळाचं, वाड्याचं काम निघालं असेल तर आधी जुन्या सांध्यावर पाण्याचे चार थेंब टाकून बघा, लगेच शोषले गेले तर गवंड्याला सिमेंटची गोणी उघडू देऊ नका.