दगड किती तापवायचा?

मलेशियातल्या मलय बाळंतिणीच्या खोलीत एक दगड हमखास असतो. नदीतला, गुळगुळीत, हातात नीट मावणारा. तो निखाऱ्यांवर तापवतात, मेंगकुडूच्या पानांत गुंडाळतात (मेंगकुडू म्हणजे आपली बारतोंडी), वरून कापडाचे पदर घेतात आणि बाळंतिणीच्या पोटावरून, कमरेवरून, मांड्यांवरून फिरवतात. या शेकाला ‘तुंगकू’ म्हणतात. बाळंतपणानंतरच्या पथ्याचे दिवस बहुतेक घरांत चव्वेचाळीस. या काळाला ‘पांतांग’ असं नाव आहे. पोटाला ‘बेंगकुंग’ नावाचा लांबच लांब पट्टा गुंडाळायचा, बाजेखाली निखारे ठेवायचे, ‘थंड’ पदार्थ टाळायचे. सव्वा महिना, शेक-शेगडी, धुरी आणि पोट बांधणं माहीत असलेल्या मराठी घराला यात परकं वाटण्यासारखं फारसं काही नाही. इतकंच काय, तिकडच्या बायका बाळंतपणानंतर जे ‘मांजाकानी’ वापरतात, ते आपल्या बाळगुटीतलं मायफळच. ते ना मलेशियात पिकतं ना महाराष्ट्रात. पश्चिम आशियातल्या एका ओकच्या फांदीवर गांधीलमाशीच्या जातीचा एक बारीक कीटक अंडी घालतो, तिथे गाठ येते, आणि ती गाठ टॅनिनने ठासून भरलेली असते. तुरटपणा येतो तो त्यातून.

पण मला बोलायचंय ते दगडाबद्दल.

पाण्याची पिशवी शंभर अंशांपुढे तापत नाही; दगड तापतो. एक किलोचा दगड नव्वद अंशांवरून पन्नासवर येताना साधारण ३२ किलोज्यूल उष्णता देतो. ही उष्णता थेट कातडीला लागली तर भाजेल, म्हणून ओली पानं. पानांतलं पाणी उडून जाईपर्यंत तो थर शंभर अंशांपुढे जात नाही आणि शेक ओलसर होतो. कापडाचे पदर ती उष्णता हळूहळू सोडतात. हे सगळं कागदावर लिहिता येतं. पण नदीतून काढलेला प्रत्येक दगड विस्तवात टिकत नाही. छिद्रांत पाणी मुरलेला दगड तापला की आत वाफ धरते आणि तो फुटतो. कुठला दगड घ्यायचा, किती वेळ ठेवायचा, कापडाचे पदर किती घ्यायचे, बाळंतिणीने अंग चोरलं की हात कधी उचलायचा, हे बिदानला, म्हणजे तिकडच्या सुईणीला, माहीत असतं. विचारलं तर ती बहुधा ‘बघून कळतं’ एवढंच सांगेल. पारंपरिक ज्ञान जपायचं म्हणतो तेव्हा नेमकं हे ‘बघून कळणं’ आपल्या चिमटीतून निसटतं.

मालीशचंही तसंच. मलय मालीशला ‘उरुत’ म्हणतात आणि तिचा सगळा कारभार ‘उरात’वर चालतो. उरात म्हणजे काय? रक्तवाहिनीही, मज्जातंतूही आणि स्नायूला हाडाशी जोडणारा कंडराही. इंग्रजी शिकलेला डॉक्टर इथे वैतागतो. आपण वैतागायचं कारण नाही, कारण आपली ‘शीर’ अगदी अशीच आहे. सुई टोचताना नर्स शीर शोधते, मान अवघडली की शीर आखडते, पायात गोळा आला की शिरेवर शीर चढते. शरीरशास्त्राच्या हिशेबात या तीन वेगवेगळ्या गोष्टी. बोटांच्या हिशेबात कातडीखाली दोरीसारखं लागणारं एकच काहीतरी. अभ्यासक्रम लिहिणाऱ्याने ‘उरात’चं भाषांतर ‘नस’ असं करून टाकलं की शिष्य भलत्याच जागी बोट ठेवायला शिकतो.

आणि अभ्यासक्रम आता लागतोच. मलेशियाने २००७ पासून काही सरकारी रुग्णालयांत पारंपरिक उपचारांचे विभाग सुरू केले. पहिला पेनांगमधल्या केपाला बातासच्या रुग्णालयात. जुनं दुखणं आणि पक्षाघातानंतरचा अशक्तपणा यांसाठी तिथे मलय मालीश मिळते. २०१६मध्ये पारंपरिक आणि पूरक चिकित्सेचा स्वतंत्र कायदा आला. उपचारकाने नोंदणी करायची, त्याच्याकडे मान्यताप्राप्त पात्रता हवी. रुग्णाच्या बाजूने पाहिलं तर हे योग्यच. मधुमेहाने पाय बधिर झालेल्या माणसाला तापलेल्या दगडाचा चटका कळत नाही, सिझेरियनच्या ताज्या जखमेवर शेक घेणं धोक्याचं, आणि या गोष्टी तपासल्याच पाहिजेत. पण प्रमाणपत्र म्हणजे लेखी परीक्षा, आणि लेखी परीक्षेत यादीच उतरते. दुकानात आता विजेवर चालणारे तुंगकूही मिळतात. त्यांचा दगड फुटत नाही, आणि कुठला दगड फुटतो हे कुणाला माहीत असण्याची गरजही उरत नाही.

मग जुन्यांनी काही लिहूनच ठेवलं नाही का? ठेवलं, भरपूर ठेवलं. ‘किताब तिब’ या नावाने ओळखली जाणारी मलय वैद्यकाची हस्तलिखितं क्वालालंपूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपलेली आहेत. (ग्रंथालयाला मलय भाषेत ‘पेर्पुस्ताकाआन’ म्हणतात, मधला ‘पुस्तक’ आपल्याकडूनच गेलेला.) सतराव्या शतकात सुमात्रा बेटावरच्या आचेच्या दरबारात ग्रंथ लिहिणारा नुरुद्दीन अर-रानिरी तर मूळचा सुरतेजवळच्या रांदेरचा. त्याच्या मोठ्या ग्रंथात वैद्यकावरही मजकूर आहे. अरबी-ग्रीक परंपरेतले चार घटक, भारतातून गेलेले ‘मांतेरा’ म्हणजे मंत्र आणि स्थानिक रानातली मुळं, सालं, पानं असं सगळं या वह्यांत शेजारी शेजारी नांदतं.

अडचण लिपीची. या वह्या जावी लिपीत आहेत. जावी म्हणजे अरबी लिपी, मलय उच्चारांसाठी काही जादा अक्षरं घातलेली. विसाव्या शतकात शाळा आणि कचेऱ्या रोमन लिपीवर गेल्या. माळ्यावरच्या मोडी कागदांचं आपल्याकडे जे झालं, तेच तिकडे झालं: आजोबांचं अक्षर घरात आहे, वाचणारा नाही.

वाचता आलं तरी मापं मूठभर, बोटभर अशी. यावर हसू नये. बाळगुटीचे वेढे मोजणाऱ्या आपल्या आजीच्या वेढ्यात किती मिलिग्रॅम हळकुंड उतरायचं, हे सहाणेला आणि तिच्या मनगटालाच ठाऊक. त्याहून अवघड आहेत झाडांची नावं. ‘काचिप फातिमा’ हे मलय बायकांच्या औषधांतलं फार नावाजलेलं झुडूप, पण त्या एका नावाखाली वनस्पतिशास्त्रज्ञांना तीन वाण सापडतात. ‘तोंगकात अली’चंही तेच: वेगवेगळ्या झाडांच्या मुळांना हे नाव लागतं. वहीतल्या नुस्ख्यातलं झाड नेमकं कुठलं, हे ओळखायला ते झाड दाखवणारा माणूस लागतो, दाबून वाळवलेला नमुना लागतो, आणि ते रान जागेवर उभं असावं लागतं. बाजारात या घोळाचा फायदा घेणारे आहेतच. तोंगकात अलीच्या नावाने विकलेल्या कॅप्सुलांत व्हायग्रातलं सिल्डेनाफिल मिसळलेलं अनेकदा सापडलेलं आहे.

तरीही लिहून ठेवावंच लागतं, आणि याचं कारण मराठी वाचकाला चांगलं माहीत आहे. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५मध्ये दिलं गेलं. मूळच्या गोव्यातल्या माशेलच्या डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी विज्ञान-संशोधन परिषदेने ते आव्हान लढवलं आणि १९९७मध्ये पेटंट रद्द झालं. तिथे ‘आमची आजी लावायची’ हा पुरावा चालला नाही. परदेशातली माहिती छापलेली असेल तरच त्या वेळचा अमेरिकी कायदा तिची दखल घ्यायचा. म्हणून जुने ग्रंथ आणि छापील शोधनिबंध शोधून मांडावे लागले. पुढे भारताने पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह उभारला, आणि मलेशियानेही त्याच वाटेने जायचं ठरवलं.

मलय उपचारकाच्या पोटात मात्र इथे गोळा येतो. त्याच्याकडची विद्या, ‘इल्मू’, चारचौघांत वाटायची नसते. गुरू पारखतो, मग ‘इजाझा’ म्हणजे परवानगी देतो. परवानगीवाचून पाठ केलेला मंत्र लागू पडत नाही अशी श्रद्धा आहे. संग्रहवाला म्हणतो, सगळं सांग म्हणजे कुणी चोरणार नाही. उपचारकाला वाटतं, सगळं सांगितलं तर चोरायला उरलं काय? जैविक साधनं आणि त्यांच्याशी जोडलेलं ज्ञान वापरताना मूळ समाजाची संमती घ्यावी आणि लाभात त्याला वाटा द्यावा, यासाठी मलेशियाने २०१७मध्ये कायदा केला. एका खेड्याचा वाटा ठरवता येईल कदाचित. पण गुरूकडून एकाच शिष्याकडे गेलेल्या विद्येचा मालक कोण मानायचा?

काही विद्या तर कुठल्याच कपाटात मावत नाही. केलांतान आणि तेरेंगगानू या मलेशियातल्या राज्यांत ‘माइन पुतेरी’ नावाचा उपचार होता. माणसाच्या आत त्याचा म्हणून एक ‘आंगिन’, वारा असतो. त्याला वाट मिळाली नाही की माणूस खंगतो. मग रात्री गाव जमतं, ‘तोक मिंदुक’ रबाब हे तंतुवाद्य वाजवत प्रश्न विचारतो, ‘तोक पुतेरी’ अंगात आल्यावर उत्तरं देतो, आणि शेवटी रुग्णाच्याच अंगात वारं येतं. तो कधी लाडावलेला राजपुत्र होतो, कधी वाघ. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ कॅरल लेडरमन यांनी १९७०च्या दशकात तेरेंगगानूत राहून हे टिपून घेतलं. ‘अंगात वारं येणं’ हे शब्द तयार असलेल्या भाषेत त्याचं स्पष्टीकरण द्यायला नको. केलांतान सरकारने १९९०च्या दशकात धर्माच्या कारणावरून यावर आणि ‘माक योंग’ या नृत्यनाट्यावर बंदी आणली. माक योंगवरची बंदी २०१९मध्ये अटींसह सैल झाली.

उपचारकांच्या घरांत विद्येबरोबर ‘साका’ही वारशाने येतो अशी समजूत आहे. साका म्हणजे घराण्याला चिकटलेला, पिढीमागून पिढी धनी शोधणारा आत्मा. पूर्वी म्हातारा बोमोह, म्हणजे मलय उपचारक, मरण्याआधी तो कुणाच्या हवाली करायचा याच्या चिंतेत असे. आता अंग दुखलं, झोप लागेना, घरात भांडणं वाढली की आजोबांचा साका मागे लागला असेल असं म्हणून नातवंडं तो ‘टाकायला’ जातात. जातात ती कुराणाच्या आयती म्हणून उपचार करणाऱ्यांकडे, आणि त्या इस्लामी उपचारपद्धतीलाही २०१६च्या त्याच कायद्याखाली मान्यता आहे.