बंद कारखान्याच्या दूषित जमिनीचा पुनर्विकास: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जांचा क्रम

१९८२ च्या संपानंतर गिरणगावातल्या गिरण्या एकेक करून थंडावल्या, पुढे साकीनाका, भांडुप, कांजूरमार्ग या पट्ट्यातले अनेक कारखानेही बंद पडले किंवा शहराबाहेर गेले, आणि त्यांच्या जागांवर आता निवासी व वाणिज्य संकुले उभी राहत आहेत. यंत्रे भंगारात गेली तरी जमिनीत मुरलेले फर्नेस ऑइल, रंगखात्यातली रसायने आणि मुलाम्याच्या टाक्यांखाली झिरपलेले जड धातू तिथेच राहतात. अशा जमिनीसाठी एक खिडकी नाही. केंद्राचे नियम, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि मुंबई महानगरपालिका यांच्याकडची कामे एकमेकांत गुंतलेली आहेत आणि त्यांचा क्रम चुकला, तर नकाशे मंजूर होऊनही काम अडून राहते.

कोणती जमीन या नियमांत बसते

पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. त्यांनुसार संशयित स्थळांची माहिती दर सहामाहीला जिल्हा प्रशासनाने कळवायची असते. मुंबईत शहर आणि उपनगर असे दोन जिल्हे असल्यामुळे आपला भूखंड कोणत्या जिल्हाधिकाऱ्यांच्या हद्दीत येतो हे आधी पाहावे. माहिती मिळाल्यावर ९० दिवसांत प्राथमिक तपासणी होते, त्यानंतरच्या तीन महिन्यांत सविस्तर सर्वेक्षण होते, आणि प्रदूषकांचे प्रमाण सुरक्षित पातळीपेक्षा जास्त आढळले तर स्थळ दूषित म्हणून जाहीर करून तिथल्या वावरावर निर्बंध घातले जातात. जबाबदार व्यक्ती शोधण्यासाठी मंडळाला ९० दिवस मिळतात. शुद्धीकरणाचा खर्च तिच्याकडून वसूल होतो. ती सापडली नाही किंवा तिची ऐपत नसली, तर हा भार केंद्र व राज्य सरकारवर येतो.

केवळ किरणोत्सर्गी कचरा, खाणकाम, समुद्रातील तेलगळती किंवा घनकचऱ्याच्या क्षेपणभूमीमुळे झालेले प्रदूषण मात्र या नियमांबाहेर ठेवले आहे, कारण त्यांना वेगळे कायदे आहेत. म्हणून देवनारसारख्या क्षेपणभूमीचा विचार घनकचरा नियमांखाली होतो.

कागदपत्रे

मालमत्ता पत्रक, नगर भूमापन नकाशा आणि विकास आराखड्याचा अभिप्राय ही नेहमीची कागदपत्रे लागतातच; जमीन भाडेपट्ट्याची असल्यास करारपत्र आणि पट्टा देणाऱ्या संस्थेची संमतीही लागते. खरी ओढाताण होते ती कारखान्याच्या जुन्या कागदांसाठी. मंडळाची संमतीपत्रे, घातक कचऱ्याचे प्राधिकारपत्र आणि त्याची नमुना ४ मधील वार्षिक विवरणपत्रे, तसेच कारखाना परवाना रद्द झाल्याचे पत्र मिळवावे, कारण इथे नेमके काय साठवले व वापरले जात होते हे त्यांवरूनच कळते. जमिनीखाली इंधनाची टाकी असेल तर तिचा परवाना पेट्रोलियम नियम, २००२ खालचा असतो आणि टाकी कापण्यापूर्वी ती वायुमुक्त असल्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. जुना ट्रान्सफॉर्मर भंगारवाल्याला देण्यापूर्वी त्यातील तेलात पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल, हे विषारी रसायन) आहे का, हे तपासून घ्यावे. २०१६ च्या आदेशाने या रसायनाच्या वापराला ३१ डिसेंबर २०२५ ही शेवटची मुदत दिली होती.

इथे एक गफलत वारंवार होते. माती परीक्षण अहवाल मागितला की फाइलला बहुधा जमिनीची भारधारणक्षमता सांगणारा अहवाल जोडला जातो. तो पाया किती खोल घ्यायचा हे सांगतो. मातीत शिसे, क्रोमियम वा तेल किती आहे याचा त्यात एक शब्दही नसतो. रासायनिक तपासणी वेगळी करावी, तीही एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून. नमुने बॉयलर, रंगखाते, टाक्या आणि सांडपाण्याच्या नाल्यालगत वेगवेगळ्या खोलीवर घ्यावेत, आणि भूजलाचा नमुनाही घ्यावा. माझ्या मते हा अहवाल खरेदीखत किंवा विकास करारावर सही होण्यापूर्वीच हाती असावा, कारण त्यानंतर खर्च कोणी सोसायचा यावर वाद घालण्याची ताकद उरत नाही.

माती उचलताना

खणलेली माती घातक कचऱ्यात मोडत असेल तर ती डेब्रिजच्या डंपरमधून नेता येत नाही. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार ती अधिकृत वाहनातून, तळोजा येथील सामायिक केंद्रासारख्या प्राधिकृत ठिकाणीच पोहोचवावी लागते आणि प्रत्येक खेपेसोबत नमुना १० मधील मॅनिफेस्ट, म्हणजे कचऱ्याच्या वाहतुकीचे नोंदपत्र, लागते. त्याच्या सात रंगांच्या सात प्रती असतात: पांढरी मंडळाकडे जाते, पिवळी वाहतूकदाराच्या सहीनंतर पाठवणाऱ्याकडे राहते आणि निळी प्रत माल पोहोचल्यावर स्वीकारणाऱ्याकडून परत येते. पिवळ्या आणि निळ्या प्रती जोडीने लावून ठेवाव्यात. माती खरोखर कुठे गेली याचा पुरावा तोच.

महापालिकेकडील टप्पे

औद्योगिक क्षेत्राचे निवासी वा वाणिज्य क्षेत्रात रूपांतर विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ नुसार होते. कापड गिरण्यांसाठी त्यात विनियम ३५ स्वतंत्र आहे. बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक असल्यास २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन (ईआयए) अधिसूचनेनुसार केंद्राच्या परिवेश पोर्टलवर पर्यावरण मंजुरीचा अर्ज करावा लागतो, आणि जमिनीच्या स्थितीची माहिती देताना रासायनिक अहवाल त्यातच जोडावा. त्यानंतर परवानाधारक वास्तुविशारदामार्फत इमारत प्रस्ताव विभागाकडून आयओडी (बांधकामाच्या अटी कळवणारे पत्र) आणि प्रारंभ प्रमाणपत्र घेतले जाते.

उद्योग बंद पडलेला असेल तर क्षेत्र-रूपांतरासाठी कामगार आयुक्तांचे ना हरकत प्रमाणपत्रही लागते. कामगारांची कायदेशीर देणी दिली गेली आहेत किंवा त्याबाबत समाधानकारक तडजोड झाली आहे, असे त्यात नमूद असावे लागते. रूपांतर तडजोडीच्या आधारावर मिळाले असेल, तर देणी पूर्ण चुकती झाल्याचा आयुक्तांचा दाखला सादर केल्याशिवाय इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळत नाही.