डोंगरातल्या नदीतला एक दगड उलटा करून बघा

डोंगरातल्या नदीचं पाणी काचेसारखं स्वच्छ असतं त्यामुळे वाटतं की यात काही नाहीच, फार तर थोडे मासे असतील. पण गुडघाभर पाण्यातला एखादा दगड उचला, खालची बाजू वर करा आणि अर्धा मिनिट नुसतं बघत रहा. आधी काहीच दिसत नाही, मग दगडाचाच एक कपचा सरकल्यासारखा वाटतो आणि तो निघतो मेफ्लाय नावाच्या उडणाऱ्या किड्याचा निम्फ, म्हणजे पाण्यात वाढणारं पिल्लू. अंग एकदम चपटं, डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला, मागे दोन-तीन लांब धागे आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना पानांसारखे हलणारे कल्ले. बघून झालं की दगड होता तसाच परत ठेवा प्लीज, कोणाचं तरी घर आहे ते.

हे जीव थंड, खळाळत्या पाण्यात का राहतात तर ऑक्सिजनसाठी. ० अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण १४.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २० अंशाला तोच ९ च्या आसपास येतो. स्टोनफ्लाय या असाच पाण्यात वाढणाऱ्या दुसऱ्या किड्याच्या निम्फला ऑक्सिजन कमी पडला ना, की तो पाय रोवून अंग वरखाली करायला लागतो, अगदी जोर मारल्यासारखं, म्हणजे अंगावरून पाणी फिरतं आणि श्वास मिळतो.

आता एवढ्या जोराच्या पाण्यात टिकायचं कसं? ब्लॅकफ्लाय नावाच्या बारीक माशीची अळी दगडावर रेशमाचा ठिपका चिकटवते आणि मागच्या टोकाच्या बारीक आकड्यांनी त्यात घट्ट अडकून उभी राहते. मग डोक्यावरचे दोन पंखे उघडून वाहत येणारे कण गाळून खाते. कॅडिसफ्लाय या पतंगासारख्या किड्याच्या काही अळ्या तर दगडांच्या फटीत रेशमाचं जाळं विणतात, तोंड प्रवाहाकडे, आणि अडकेल ते खातात. काही अळ्या त्याच रेशमाने वाळूचे कण एकेक करून जोडत अंगाभोवती नळी बांधतात, तेही पाण्याखाली, ओल्या दगडाला चिकटणारा गोंद आपल्याला किती मुश्किलीने मिळतो ते आठवा!

पण मला सगळ्यात भारी वाटते ती पानाची गोष्ट. वरच्या बाजूला नदी अरुंद असते, झाडांची सावली दाट, ऊन कमी म्हणून शेवाळही कमी, मग खायचं काय? तर झाडांवरून पडणारा पालापाचोळा. पान पाण्यात पडलं की एक-दोन दिवसांत त्यातले विरघळणारे पदार्थ निघून जातात, मग त्यावर बुरशी आणि बॅक्टेरिया वाढतात आणि पान मऊ पडतं. असं मुरलेलं पानच या जीवांना आवडतं कारण पोषण जास्त करून त्या बुरशीत असतं. स्टोनफ्लाय आणि कॅडिसफ्लायच्या बऱ्याच जाती ते कुरतडतात, शिरांची जाळी तेवढी उरते, आणि त्यांचा चुरा नि विष्ठा खाली वाहत जाते. तेच जाळंवाल्यांचं आणि पंखेवाल्यांचं जेवण. पुढे नदी रुंद झाली, ऊन पडलं की दगडांवर बुळबुळीत थर येतो आणि तो खरवडून खाणारे वाढतात. १९८० मध्ये व्हॅनोट, कमिन्स वगैरे शास्त्रज्ञांनी उगमापासून खालपर्यंत हा बदल कसा होत जातो ते मांडलं. अर्थात हे कप्पे काही पक्के नाहीत, काही स्टोनफ्लाय लहानपणी कुजलेला कचरा खातात आणि मोठे झाले की दुसऱ्यांचीच शिकार करतात.

आणि पान पाण्यातच संपतं असंही नाही. हाच स्टोनफ्लाय पूर्ण वाढला की रांगत काठावर येतो, कात टाकतो, पंख वाळवतो, त्यातल्या कितीतरींना पक्षी आणि कोळी खातात. काठावरच्या दगडाला पाठीवर उभी चीर गेलेली एखादी पोकळ, वाळकी कात चिकटलेली दिसली तर ती त्याचीच असू शकते.