सहाही आयव्ही ‘बेस्ट’, तरी गारचॉम्प मागे का पडतो?

पोकेमॉन ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’ हे व्हिडिओ गेम खेळणारे गारचॉम्प या वेगवान पोकेमॉनबद्दल हा प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात. जज (आयव्ही, म्हणजे जन्मजात क्षमतांचे आकडे, तपासून दाखवणारी गेममधली सोय) सहाच्या सहा ‘बेस्ट’ दाखवतो, मग ऑनलाइन लढतीत समोरचा आधी चाल कशी करतो? बहुतेक वेळा कारण एकच असतं: आयव्ही भरलेत, ईव्हींना (लढून मिळवायच्या गुणांना) हातच लावलेला नाही. जजच्या पडद्यावर फक्त आयव्ही दिसतात. तिथे ‘बेस्ट’ वाचून ‘पोकेमॉन तयार झाला’ असं समजू नका.

आयव्हीबद्दल फार सांगायला नको. पोकेमॉन सापडतो किंवा अंड्यातून निघतो तेव्हाच प्रत्येक स्टॅटसाठी (अटॅक, स्पीड अशा सहा क्षमतांपैकी प्रत्येकीसाठी) ० ते ३१ असा आकडा ठरतो. तो लढून वाढत नाही. ३१ म्हणजे ‘बेस्ट’, ३० म्हणजे ‘फँटॅस्टिक’. नेचर, म्हणजे पोकेमॉनचा स्वभाव, हे तिसरंच प्रकरण: बहुतेक नेचरमध्ये एक स्टॅट दहा टक्के वर, एक दहा टक्के खाली. ते चुकलं तर मिंट (नेचरचा परिणाम बदलणारी वस्तू) द्या आणि विषय संपवा.

ईव्ही मात्र मिळवावे लागतात. ज्या पोकेमॉनला हरवता किंवा पकडता तो आपल्या जातीप्रमाणे १ ते ३ ईव्ही देतो. एका स्टॅटमध्ये जास्तीत जास्त २५२, सगळे मिळून ५१०. म्हणजे दोन स्टॅट पूर्ण भरले की तिसऱ्यासाठी हाताशी जेमतेम ६ उरतात.

वजन कशाचं जास्त, ते लेव्हल ५० च्या जॉली (स्पीड वाढवणारं नेचर असलेल्या) गारचॉम्पच्या स्पीडवरून बघा. आयव्ही ३१ आणि ईव्ही २५२ असले तर स्पीड १६९. ईव्ही तेच ठेवून आयव्ही थेट शून्य केला तरी १५१. उलट आयव्ही ३१ आणि ईव्ही शून्य असेल तर १३४. आयव्ही ३१ आणि ईव्ही पूर्ण भरलेल्या जॉली ब्रेलूम या बऱ्याच हळू पोकेमॉनचा स्पीडही १३४ च असतो. म्हणजे बरोबरी झाली, आणि गारचॉम्पसारख्या वेगवान पोकेमॉनला ब्रेलूमचा स्पोर (झोपवणारी चाल) लागायच्या आधी चाल मिळेल की नाही, हे नशिबावर गेलं. याउलट ईव्ही भरलेले असतील आणि आयव्ही ३१ ऐवजी २९ असेल, तर स्पीड १६८ होतो आणि जॉली चॅरिझार्डचा कमाल १६७ तरीही मागेच राहतो. ते दोन आयव्ही नडतात ते समोर १६९ चा गारचॉम्प किंवा तितक्याच स्पीडच्या आसपासचा कुणी आला तरच. म्हणून दोन आयव्हींसाठी अंड्यांमागून अंडी फोडत बसणं आणि २५२ ईव्ही तसेच सोडून देणं हा वेळेचा निव्वळ अपव्यय आहे.

ईव्ही भरायचा स्वस्त मार्ग असा: डेलिबर्ड प्रेझेंट्स या गेममधल्या दुकानातून १०,००० ला पॉवर अँकलेट घ्या आणि पोकेमॉनला धरायला द्या. प्रत्येक विजयाला स्पीडचे ८ ईव्ही जादा मिळतात. फ्लेचलिंग हा पोकेमॉन हरवला की स्वतःचा १ देतो, म्हणजे एका फ्लेचलिंगमागे ९. अगदी शून्यापासून सुरुवात केली तर २८ फ्लेचलिंगांत २५२ पूर्ण. हेच काम कार्बोसने (स्पीडचे ईव्ही वाढवणाऱ्या औषधाने) करायचं तर २६ बाटल्या, म्हणजे २,६०,००० खर्च.

इथे गडबड होते ती तीन ठिकाणी. ‘लेट्स गो’ करून पोकेमॉनला एकट्याने लढायला सोडलंत तर अनुभव मिळतो, ईव्ही मिळत नाहीत. लढत तुम्हालाच खेळावी लागते. नुसत्या एक्सपी कँडीने (अनुभव देणाऱ्या गोळीने) लेव्हल वाढवली तरी ईव्ही शून्यच राहतात. आणि टीममधल्या बाकीच्या पोकेमॉनलाही त्या विजयाचे ईव्ही मिळत राहतात. त्यामुळे कथानकात वापरलेल्या पोकेमॉनमध्ये नको त्या स्टॅटचे ईव्ही साठलेले असतात आणि ५१० ची मर्यादा आधीच गाठलेली असते. पोकेमॉनच्या समरीत (माहितीच्या पडद्यावर) एल बटण दाबून ईव्हींचा आलेख बघायची सवय लावा. कचरा साठलेला दिसला तर फ्रेश-स्टार्ट मोची सगळे ईव्ही शून्यावर आणते, पण त्यासाठी ‘टील मास्क’ हा गेमचा जादा भाग विकत घेतलेला हवा. नसेल तर त्या-त्या स्टॅटची बेरी द्या (स्पीडसाठी टमाटो), दर बेरीला १० कमी.

गोल आकड्यांचा मोहही टाळा. लेव्हल ५० ला आयव्ही ३१ असेल तर स्टॅटचा पहिला गुण ४ ईव्हींवर मिळतो, पुढचा प्रत्येक आणखी ८ वर. २०० ईव्ही दिलेत तर फायदा १९६ चाच, ४ वाया.

आयव्ही कमी असला तर लेव्हल ५० नंतर माँटेनेव्हेरा या गेममधल्या गावात पोकेमॉन सेंटरजवळ हायपर ट्रेनिंग करा: एका स्टॅटला एक बॉटल कॅप, सगळ्यांना मिळून एक गोल्ड. स्टॅट ३१ असल्यासारखा मोजला जातो, पण मूळ आयव्ही तोच राहतो आणि पिल्लांनाही तोच मिळतो. म्हणून डेस्टिनी नॉट (आईबापांचे जास्त आयव्ही पिल्लांना देणारी वस्तू) लावून अंडी काढणार असाल तर आईबापांवर कॅप खर्च करू नका. ट्रिक रूमच्या (हळू असलेल्याला आधी चाल देणाऱ्या डावाच्या) पोकेमॉनला तर गोल्ड कॅप कधीच देऊ नका. तिथे स्पीडचा आयव्ही शून्य हवा असतो, गोल्ड कॅप तोही ३१ सारखा करून टाकते आणि हायपर ट्रेनिंग मागे घेता येत नाही. साध्या कॅप घ्या आणि स्पीड वगळून हवे ते स्टॅट एकेक करून वाढवा.