पार्श्वभूमी: लहान मुलांचं मूल्यमापन आणि खान्देशातल्या घरभाषा

अंगणवाडीत मुलाची नोंद आधी झाली ती वजनाची. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 प्रकल्पांत सुरू झाली. तिच्या सहा सेवांत पूर्वशालेय शिक्षणही होतं. पण वजन काट्यावर दिसायचं, मूल काय शिकलं ते दाखवणारा काटा नव्हता.

निरीक्षणाची परंपरा त्याहून जुनी. गिजुभाई बधेकांनी 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं, ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला बालवाडी. परीक्षेला तिथे थारा नव्हता. मूल खेळताना, साधनं हाताळताना काय करतं ते पाहायचं.

शाळेत हा विचार कायद्यानं आला. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि महाराष्ट्राच्या 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयानं पहिली-दुसरीला आकारिक मूल्यमापन (शिकताना वर्षभर होणारं) 70 टक्के, संकलित (सत्राच्या शेवटचं) 30 टक्के ठरलं. वाटणी योग्यच होती. बिघडलं ते नोंदींत: सत्राच्या शेवटी एका बैठकीत आठवणीनं भरलेल्या नोंदी, सगळ्या मुलांना 'प्रगती समाधानकारक'. त्यातून पुढच्या शिक्षकाला काहीच कळत नाही. 2005 पासून 'असर' या शिक्षणाच्या पाहणीनं घरोघरी एकेका मुलाला वाचायला देऊन साधी रीत दाखवली. सुरुवात परिच्छेदापासून, जमला तर गोष्ट, नाही तर शब्द, पाचांतले चार बरोबर हवेत, तेही अडलं तर अक्षरं. 2022 च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं तीन ते सहा वर्षांच्या मुलांना चाचण्या नकोत, निरीक्षण हवं, हे स्पष्ट मांडलं.

खान्देशात याच निरीक्षणात मोठी चूक होते. जळगाव-धुळ्याच्या खेड्यांत घरी अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा गणबोली, धडगाव-अक्कलकुव्यात भिली, पावरी. प्रश्न मात्र प्रमाण मराठीत. 'बाबा कुठे आहेत?' याला मूल अहिराणीत 'मन्हा बाप वावरमा गयेल शे' (माझे बाबा शेतात गेले आहेत) म्हणालं, तर नातं, ठिकाण, पूर्ण झालेली क्रिया, सगळं त्या वाक्यात आहे. तरी 'पूर्ण वाक्यात बोलत नाही' अशी खूण पडते. मूल गप्प राहिलं तर 'आकलन नाही'. म्हणून नोंदीला दोन रकाने हवेत: घरच्या भाषेत काय जमलं, मराठीत काय जमलं. मुलाचं वाक्य जसंच्या तसं, तारखेसह लिहावं.

गणितातही हेच. वीसपर्यंत घडाघडा म्हणणं म्हणजे मोजणं नव्हे. पाच चिंचोके ओळीत ठेवून बोट लावून मोजायला सांगावं, मग पसरून पुन्हा विचारावं, 'आता किती?' मूल पुन्हा मोजतं, की न मोजता पाच म्हणतं, की 'जास्त झाले' म्हणतं, ते लिहावं. रोज चार-पाच मुलंच पाहावीत. पंचवीस एका दिवसात पाहिली की उरतात नुसत्या खुणा.

दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत वहीत महिनोन्‌महिने खंड पडतो. निघण्याआधी शेवटच्या नोंदीची प्रत आईकडे द्यावी, आणि परतल्यावर 'मागे पडलं' असं लिहिण्याआधी तोच चिंचोक्यांचा खेळ पुन्हा घ्यावा.