प्रभाग किती जणांचा? महापालिका निवडणुकीची पार्श्वभूमी
जानेवारी २०२६ मध्ये राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झाले. मुंबईकराने एकच बटण दाबले, पुणेकराला मात्र बहुतेक प्रभागांत चार दाबावी लागली. अ, ब, क, ड अशा चार जागा, प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळ्या रंगाची. आणि मताची पावती दाखवणारे यंत्र (व्हीव्हीपॅट) या निवडणुकीत नसतेच.

मुंबई वगळता २००२ मध्ये प्रभाग तीन सदस्यांचे होते, २००७ मध्ये एकाचा, २०१२ मध्ये दोघांचे, २०१७ मध्ये चौघांचे. कारण दर वेळी सोयीचे सांगितले गेले. महिलांना ५० टक्के जागा मिळाल्यापासून आरक्षणाच्या सोडतीत स्वतःचा वॉर्ड राखीव होऊन हातचा जाण्याची धास्ती वाढली. चारच्या पॅनेलमध्ये अ गेली तर ड मधून उभे राहता येते. पक्षांना हे पथ्यावर पडते. अपक्षाने एवढ्या मोठ्या प्रभागात फिरायचे कसे, आणि गटार तुंबले तर चौघांपैकी नेमके कोणाला धरायचे, हे प्रश्न मतदाराच्या गळ्यात.

खरा घोळ २०१९ नंतरचा. डिसेंबर २०१९ मध्ये एकसदस्यीय पद्धत परत आणली गेली. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईबाहेर तीन सदस्य ठरले. दरम्यान, मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओबीसी आरक्षणासाठी तिहेरी चाचणीची अट घातली, म्हणजे स्वतंत्र आयोग, त्याने गोळा केलेली आकडेवारी आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत. आरक्षणाविना निवडणूक कोणालाच नको होती. मग मार्च २०२२ मध्ये सत्ताधारी आणि विरोधक एकत्र आले आणि प्रभागरचनेचा अधिकारच राज्य निवडणूक आयोगाकडून काढून शासनाकडे नेला. आयोगाने तोवर केलेली रचना रद्द झाली. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे इथे मात्र एका सुरात बोलले, हे विसरू नये. सरकार बदलले, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा २०१७ ची चारसदस्यीय पद्धत. मुंबईच्या वाढवलेल्या २३६ जागाही परत २२७ वर आल्या.

या ओढाताणीत मुंबई, पुण्यासह अनेक पालिकांवर मार्च २०२२ पासून प्रशासक बसले. अखेर मे २०२५ मध्ये न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या, असे बजावले. ती मुदतही पुढे वाढवून घ्यावी लागली. प्रभागांचा आराखडा आता आयुक्त करतात आणि तो शासनामार्फत आयोगाकडे जातो. शेवटची मान्यता आयोगाची असली, तरी एका प्रभागात किती नगरसेवक, हे ठरते विधिमंडळातच.