वेट आणि मॅक्सकॉन: वाटा कोणता, मर्यादा कोणती

लोड बॅलन्सरची, म्हणजे येणाऱ्या रिक्वेस्ट अनेक सर्व्हरमध्ये वाटणाऱ्या प्रोग्रॅमची, कॉन्फिगरेशन फाइल तपासायला समोर आली की हल्ली मी आधी एकच गोष्ट पाहतो: अनेक ॲप्लिकेशनचा सामाईक सर्व्हर जपायचा म्हणून कोणी त्याचे वेट, म्हणजे रिक्वेस्टमधला वाटा ठरवणारा आकडा, कमी करून ठेवले आहे का. बहुतेक वेळा ठेवलेले असते, आणि मॅक्सकॉनचा, म्हणजे एका वेळच्या रिक्वेस्टवर मर्यादा घालणाऱ्या आकड्याचा, मात्र पत्ता नसतो. दोन्ही आकड्यांनी सर्व्हरवरचा ताण आवरतो, असा समज त्यामागे असतो. प्रत्यक्षात ताण अडवण्याची ताकद त्यांतल्या एकाच आकड्यात आहे.

वेट बहुतेकांना ठाऊक असते, तेव्हा ते थोडक्यात. ते गुणोत्तर आहे. एका गटातल्या दोन सर्व्हरची वेट २ आणि १ असतील, तर दर तीन रिक्वेस्टपैकी दोन पहिल्याकडे जातात. १०० आणि ५० लिहिले तरी अर्थ तोच राहतो. ७० आणि ३० लिहून ते टक्के असल्यासारखे दाखवण्याची सवय मला मुळीच पटत नाही, कारण गटात तिसरी ओळ आली की बेरीज १०० च्या पुढे जाते आणि फाइल वाचणारा फसतो.

खरा घोळ पुढे आहे. गुणोत्तराला एकूण संख्येशी काही देणेघेणे नसते. वरच्याच उदाहरणात एका वेळी ३०० रिक्वेस्ट चालू असतील तर लहान सर्व्हरच्या वाट्याला ढोबळमानाने १०० येतात. ३,००० असतील तर १,००० येतात, आणि वेट त्यांतल्या एकीलाही परतवत नाही. मोठा सर्व्हर हेल्थ चेकमध्ये (सर्व्हर चालू आहे का हे पाहणाऱ्या तपासणीत) नापास होऊन गटाबाहेर गेला, तर मागे उरलेल्या एकट्याचे वेट १ असो की २००, सगळ्या रिक्वेस्ट त्याच्याच अंगावर येतात. म्हणजे लहान सर्व्हरला जपण्याची सर्वांत जास्त गरज ज्या क्षणी असते, नेमक्या त्याच क्षणी ते कमी ठेवलेले वेट निरर्थक ठरते.

मॅक्सकॉन हा निव्वळ आकडा आहे; शेजारच्या ओळीवर काय लिहिले आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. एचएप्रॉक्सी या लोड बॅलन्सरमध्ये सर्व्हरच्या ओळीवर मॅक्सकॉन १०० असेल, तर एचटीटीपी मोडमध्ये त्या सर्व्हरकडे एका वेळी १०० रिक्वेस्ट जातात आणि पुढची रांगेत थांबते. लोड बॅलन्सर म्हणूनही वापरल्या जाणाऱ्या एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये हेच काम मॅक्स_कॉन्स करते. तिथे रांगेची सोय केलेली नसेल आणि गटातले सगळे सर्व्हर भरलेले असतील, तर वापरकर्त्याला ५०२ हा एरर मिळतो. दोन्हींकडे मर्यादेची मूळ (काही न लिहिल्यास लागू होणारी) किंमत ० आहे आणि तिचा अर्थ ‘मर्यादा नाही’ असा होतो. एचएप्रॉक्सीत वेट ० म्हणजे नव्या रिक्वेस्टच्या वाटपातून तो सर्व्हर बाजूला. तेच शून्य मॅक्सकॉनला दिले की दार सताड उघडे.

एकाच मशीनवर ॲप्लिकेशनचे अनेक इन्स्टन्स, म्हणजे चालू प्रती, असतात तेव्हा हा फरक अधिक महागात पडतो. लोड बॅलन्सरला मशीन दिसत नाही; त्याला पत्ता आणि पोर्ट यांची एक ओळ दिसते. मोठ्या मशीनवर ८०८१ ते ८०८३ या पोर्टांवर तीन इन्स्टन्स असतील आणि लहान मशीनवर एकच, तर वेटला हात न लावताही चारपैकी तीन रिक्वेस्ट मोठ्याकडे जातात. अशा वेळी ‘मोठे मशीन आहे’ म्हणून त्या तिन्ही ओळींना वेट ३ देणाऱ्याने प्रत्यक्षात ९ विरुद्ध १ अशी वाटणी केलेली असते.

त्याच मशीनवर दुसऱ्या ॲप्लिकेशनचे इन्स्टन्सही असतील, तर त्या दुसऱ्या गटाची वेट पहिल्या गटाला ठाऊकच नसतात. मशीनची कुवत आपणच हाताने वाटावी लागते, आणि ती वाटणी फक्त मर्यादेच्या आकड्यांत मांडता येते. समजा, चाचणीत ते मशीन एका वेळी १२० रिक्वेस्ट झेपवते असे दिसले. मग ऑर्डर घेणाऱ्या ॲपच्या दोन इन्स्टन्सना प्रत्येकी ४५ आणि अहवाल काढणाऱ्या ॲपच्या एकाला ३०, अशी बेरीज १२० वर थांबली पाहिजे. लोड बॅलन्सर दोन असतील आणि दोन्ही एकाच वेळी चालू असतील, तर प्रत्येक जण स्वतःपुरतेच मोजतो, म्हणून हे आकडे निम्मे करावेत. एनजिनएक्समध्ये गटाला झोन देऊन सामाईक मेमरी दिलेली नसेल, तर मॅक्स_कॉन्स एनजिनएक्सच्या रिक्वेस्ट हाताळणाऱ्या प्रत्येक वर्कर प्रोसेसला स्वतंत्रपणे लागू होते. चार वर्कर असताना लिहिलेले ३० प्रत्यक्षात १२० होतात. झोन न देता मॅक्स_कॉन्स लिहिणे मी चूकच मानतो.

म्हणून मी आधी सगळ्या ओळींवर मर्यादा लिहितो आणि मगच, मशीनची कुवत खरोखर वेगळी असेल तर, वेटकडे वळतो. मर्यादा आली की रांग आली, आणि रांगेत किती वेळ थांबायचे हेही ठरवावे लागते. एचएप्रॉक्सीत टाइमआउट क्यू (रांगेत थांबण्याची मुदत) लिहिला नाही तर टाइमआउट कनेक्टचीच (सर्व्हरशी कनेक्शन जुळण्याच्या मुदतीचीच) किंमत रांगेला लागू होते आणि ती मुदत संपली की ५०३ हा एरर जातो. कनेक्शन जुळायला पुरेसा असलेला वेळ रांगेसाठी क्वचितच योग्य असतो, तेव्हा ती ओळ वेगळी लिहावी.